ओढल्या जाणाऱ्या गाडीचा ब्रेक आणि खारे पाणी

भरलेली बैलगाडी चढावर ओढणे अवघड असते, हे कोणीही सांगेल. पण गाडीवानाला खरी धास्ती असते ती उताराची. चढावर गाडी बैलांच्या मागे असते; उतारावर ती त्यांच्या अंगावर येते. जू मानेवरून शिंगांकडे सरकू लागते आणि ज्या बैलांनी आतापर्यंत ओढण्याचे काम केले, त्यांनाच आता रोखण्याचे काम करावे लागते. ओढणारा थांबला म्हणून ओढले जाणारे थांबत नाही. न्यूटनचा पहिला नियम शिकवताना आपण बसमधल्या उभ्या प्रवाशाचे उदाहरण देतो. त्याऐवजी हे बैलगाडीचे उदाहरण घेतले तर ते मुलांच्या अधिक लक्षात राहील, असे आम्हांला वाटते.

या लेखात आपण अशाच एका ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या ब्रेकचा इतिहास पाहणार आहोत. ती गाडी आपल्याकडे फारशी दिसत नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये लहान नावा, म्हणजे मोटरबोटी किंवा शिडाच्या होड्या, बाळगणारे लोक पुष्कळ आहेत. ही नाव बहुधा बंदरात नसते, घराच्या अंगणात असते. सुटीच्या दिवशी ती दोन किंवा चार चाकांच्या ट्रेलरवर चढवायची, ट्रेलर मोटारीला जोडायचा आणि तळ्यावर किंवा समुद्रावर न्यायचा. तेथे काँक्रीटचा एक उतार पाण्यात गेलेला असतो. त्यावरून ट्रेलर मागे मागे पाण्यात ढकलला जातो आणि नाव तरंगू लागली की ती सोडवून घेतात. म्हणजे चाके, बेअरिंग, ब्रेक असे सगळे काही वेळ पाण्याखाली असते. ज्या यंत्रावर माणसांचा जीव अवलंबून आहे ते मुद्दाम समुद्रात बुडवून काढायचे आणि लगेच महामार्गावरून ताशी ८० किलोमीटर वेगाने घरी न्यायचे, असा हा प्रकार आहे.

ब्रेकच्या इतिहासात शोधकांची नावे पुष्कळ सापडतात. पण तो इतिहास नीट पाहिला तर शोध लागणे हा त्यातला लहान भाग दिसतो. मोठा भाग आहे गळती, उष्णता आणि गंज यांच्याशी चाललेल्या झटापटीचा. नावेच्या ट्रेलरवर हे तिन्ही शत्रू एकत्र भेटतात, म्हणून आम्ही हे उदाहरण निवडले.

सुटलेले डबे

ओढल्या जाणाऱ्या वाहनाला स्वतःचा ब्रेक हवा, हा धडा प्रथम रेल्वेने शिकवला, आणि तो फार महाग पडला. आगगाडीच्या सुरुवातीच्या काळात ब्रेक असे ते इंजिनाला आणि एखाद्या ब्रेकच्या डब्याला. अमेरिकेत ब्रेकवाले डब्यांच्या टपांवरून धावत जाऊन एकेका डब्याचे चक्र हाताने पिळत. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८६९ मध्ये दाबलेल्या हवेने सर्व डब्यांचे ब्रेक एकदम लावण्याची युक्ती शोधली. पण तिच्यात एक मोठा दोष होता. हवा नळीतून आली तर ब्रेक लागणार; मग नळीच तुटली तर? १८७२ मध्ये त्याने ही रचना उलटी केली. नव्या रचनेत नळीतल्या हवेच्या दाबामुळे ब्रेक सुटलेले राहत आणि दाब गेला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतील हवेने ते आपोआप लागत. नळी तुटली तर गाडी थांबणार. बिघाड झाला तर तो सुरक्षिततेच्या बाजूने व्हावा, हे तत्त्व आज अभियांत्रिकीत सर्वत्र मानले जाते.

हा शोध लागल्यावरही तो सगळ्यांनी लगेच स्वीकारला नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्माजवळ सहलीला निघालेली एक गाडी चढावर अडली. गाडीत मुलांचा मोठा भरणा होता. गाडीचे दोन भाग करून आधी पुढचा भाग वर न्यायचा असे ठरले. गाडीला निर्वात ब्रेक होते, पण ते आपोआप लागणारे नव्हते. इंजिनापासून सुटताच मागच्या दहा डब्यांचे ते ब्रेक निकामी झाले. शेवटच्या डब्यातला हातब्रेक आणि चाकांखाली उटी म्हणून लावलेले दगड एवढ्यावर ते डबे उभे होते. पुढचा भाग हलताना किंचित मागे आला, धक्का बसला, दगड चिरडले गेले आणि डबे उतारावरून मागे धावत सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारे ८० माणसे मेली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे सलग ब्रेक सक्तीचे केले.

महाराष्ट्रातल्या वाचकांना याची आठवण खंडाळ्याच्या घाटात सहज होईल. १८६३ मध्ये सुरू झालेला हा रेल्वेमार्ग सुमारे ५५८ मीटर चढतो आणि त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर असा आहे. ब्रेक सुटलेली गाडी चढावर वळवून थांबवण्यासाठी या घाटात वेगळे फाटे, म्हणजे कॅच सायडिंग, ठेवलेले आहेत. उताराची धास्ती रेल्वेने कधीच सोडली नाही.

नावेच्या ट्रेलरच्या दांडीजवळ आजही एक बारीक पोलादी तार किंवा साखळी दिसते. तिचे एक टोक मोटारीला आणि दुसरे ट्रेलरच्या ब्रेकच्या खटक्याला बांधलेले असते. ट्रेलर निसटला तर ही तार आधी ब्रेक लावते आणि मग तुटते. ब्रेक लागलेलाच राहतो. आर्माच्या उतारावर जे नव्हते ते या तारेत आहे. ती गंजून खटक्याशी चिकटली असेल तर मात्र ती असून नसल्यासारखीच. आपल्याकडे ट्रॅक्टरमागे उसाने लादलेल्या ज्या ट्रॉल्या रस्त्याने जातात, त्यांतल्या अनेकींना ना तार असते ना स्वतःचा ब्रेक, हे जाता जाता नोंदवून ठेवू.

पास्कलचा दट्ट्या आणि चामड्याची वाटी

द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण आठवी-नववीत शिकवतो. पास्कल १६६२ मध्ये वारला आणि त्याचा द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने म्हटले आहे की, पाण्याने भरलेल्या भांड्याला दोन तोंडे असतील आणि एकाचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या शंभरपट असेल, तर लहान दट्ट्यावरचा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांची बरोबरी करेल. हे तत्त्व कागदावर आले, पण चालणारे यंत्र यायला त्यानंतर सुमारे १३० वर्षे लागली. जोसेफ ब्रामाने द्रवदाबयंत्राचे पेटंट घेतले ते १७९५ मध्ये.

एवढा उशीर का? याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नसते. दट्ट्या सैल असेल तर कडेने पाणी गळते. घट्ट असेल तर तो हलत नाही. हा पेच सोडवला तो चामड्याच्या वाटीसारख्या एका कड्याने, आणि त्याचे श्रेय सहसा ब्रामाच्या कारखान्यातील तरुण कारागीर हेन्री मॉडस्ली याला देतात. या वाटीची कड दाबाच्या बाजूला उघडी असते. द्रवाचा दाब वाढला की तो कडेलाच भिंतीवर दाबतो. म्हणजे जितका दाब जास्त, तितकी वाटी घट्ट. दाब गेला की ती सैल होते आणि दट्ट्या सहज मागे येतो. नियमाला पास्कलचे नाव मिळाले. या वाटीला कोणाचेच नाही. आज मोटारीच्या किंवा ट्रेलरच्या ब्रेकमध्ये मेकॅनिक ज्याला 'रबर कप' म्हणतो, ती हीच वाटी.

मोटारीच्या चाकांपर्यंत द्रवदाब नेण्याची व्यवहार्य रचना अमेरिकेत मॅल्कम लॉकहीड याने केली. त्याचे पेटंट १९१७ चे आहे. भाऊ ॲलन याच्याबरोबर त्याने आधी विमाने बांधली होती. पुढे प्रसिद्ध झालेल्या विमान कंपनीचे नाव या घराण्याचेच. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. लॉकहीडच्या सुरुवातीच्या वाट्या चामड्याच्याच होत्या आणि त्या गळत. १९२४ च्या क्रायस्लर मोटारीसाठी त्या जागी रबराच्या वाट्या बसवल्या गेल्या आणि मग कोठे ही पद्धत विश्वासाची झाली.

रबराने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा निर्माण केला. खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. त्यामुळे त्या काळी ब्रेकचा द्रव म्हणून आपल्या ओळखीचे एरंडेल अल्कोहोलमध्ये मिसळून वापरत, कारण एरंडेलाने रबर बिघडत नाही. पुढे ग्लायकॉल वर्गातील द्रव आले. आपल्याकडे सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण ते ऑइल नव्हेच. या नावामुळे कोणी त्यात इंजिनाचे तेल ओतले, तर काही दिवसांत सगळ्या वाट्या फुगून ब्रेक अडकतील.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. सुया काढून टाकलेल्या दोन इंजेक्शनच्या पिचकाऱ्या, एक २ मिलिलिटरची आणि एक १० ची, सलाइनच्या नळीने जोडा व पाण्याने भरा. लहान पिचकारीवरचे बोट मोठ्या पिचकारीवरच्या बोटाला सहज मागे सारते. मग नळीत मुद्दाम हवेचा एक बुडबुडा शिरू द्या. आता लहान दट्ट्या दाबला तरी मोठा सुरुवातीला हलतच नाही. बोटाला स्पंज दाबल्यासारखे वाटते. ब्रेकची 'एअर काढणे' म्हणजे काय, हे मुलांना पुन्हा सांगावे लागणार नाही.

ढकलण्यातून थांबणे

ट्रेलरचा ब्रेक लावायचा कोणी? चालक तर पुढच्या मोटारीत बसलेला. अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून ट्रेलरसाठी विजेचे ब्रेक मिळू लागले, आणि फिरत्या घरांना ते चांगले मानवले. पण विद्युतचुंबक, तारा आणि समुद्राचे पाणी यांचे जमणे कठीण. नावेच्या ट्रेलरसाठी जी पद्धत रूढ झाली ती मोठी गमतीची आहे. तीत चालकाला काही करावेच लागत नाही.

बैलगाडी बैलांच्या अंगावर येते, तोच जोर येथे कामाला लावला आहे. ट्रेलरची पुढची जोडणी दोन भागांची असते आणि एक भाग दुसऱ्यात थोडा सरकू शकतो. मोटार वेग कमी करते, ट्रेलर जडत्वाने पुढे येतो, जोडणी आत दाबली जाते आणि तिच्यामागे बसवलेला दट्ट्या द्रवाला दाबतो. तो दाब नळीतून ट्रेलरच्या चाकांपर्यंत जातो. मोटार जोरात थांबली तर ट्रेलर जोरात ढकलतो आणि ब्रेकही जोरात लागतो. युरोपात द्रवाऐवजी दांडे आणि केबल वापरतात, तत्त्व तेच.

या साध्या रचनेत दोन खोचा आहेत. पहिली खोच मागे जाताना कळते. सपाटीवर ट्रेलर मागे ढकलला तरीही जोडणी दाबलीच जाते आणि ब्रेक लागतात. ढकलणे पुढचे की मागचे, हे दट्ट्याला कसे कळणार? यासाठी पूर्वी खाली उतरून हाताने खीळ घालावी लागे. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८९ पासूनच्या नव्या ट्रेलरना, मागे जाताना आपोआप सुटणारे ब्रेक सक्तीचे झाले. अमेरिकेत कित्येक ट्रेलरवर मोटारीचा मागचा दिवा लागताच द्रवाची वाट बंद करणारी एक विजेची झडप असते.

दुसरी खोच जास्त गंभीर आहे. नाव पाण्यात सोडताना ट्रेलर उतारावर मागे मागे जातो. तेव्हा तो आपल्याच वजनाने खाली जाऊ पाहतो, म्हणजे जोडणी दाबली न जाता ताणली जाते. नाव बाहेर काढतानाही ती ताणलेलीच असते. याचा अर्थ असा की, ऐन पाण्याच्या काठावर, निसरड्या उतारावर, ट्रेलरचा ब्रेक काहीच काम करत नाही. नाव, ट्रेलर आणि मोटार या तिघांचे वजन एकट्या मोटारीच्या ब्रेकवर असते. अशा ठिकाणी मोटारीच्या चाकांखाली उटी लावणारा माणूस भित्रा नव्हे, जाणता समजावा.

समुद्र उताराच्या तळाशी असतो

आता उष्णतेकडे वळू. १५०० किलोग्रॅमचा ट्रेलर ताशी ८० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने जात असेल तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ३,७०,००० जूल होते. ब्रेक ही ऊर्जा नष्ट करत नाही, तिची उष्णता करतो. दोन ड्रमचे मिळून १६ किलोग्रॅम लोखंड धरले आणि त्याची विशिष्ट उष्णता ४५० घेतली, तर एकदा थांबताना ड्रम सुमारे ५१ अंशांनी तापतील. हे फार नाही. पण तोच ट्रेलर ३०० मीटर खाली उतरला तर? स्थितिज ऊर्जा ४४ लाख जूल. ती सगळी ड्रममध्येच गेली असे धरले तर तापमान ६०० अंशांहून अधिक वाढायला हवे. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते आणि बराच भार इंजिन घेते. पण लांब उतारावर मोटार ट्रेलरला सतत अडवून धरते, त्यामुळे जोडणी दाबलेलीच राहते आणि ब्रेक सारखे घासत राहतात, हे खरे आहे. आणि समुद्र नेहमी उताराच्या तळाशीच असतो! ड्रम तापलेले असतात तेव्हाच ते थंड पाण्यात जातात.

याचा पहिला फटका शेजारच्या बेअरिंगला बसतो. चाकाच्या तुंब्यात ग्रीसबरोबर थोडी हवाही असते. ती १०० अंशांवरून २५ अंशांवर आली तर चार्ल्सच्या नियमाप्रमाणे तिचे आकारमान पाचव्या हिश्शाने घटते, आणि आत निर्माण झालेली ओढ सीलच्या कडेने खारे पाणी आत खेचते. म्हणून जाणकार धक्क्यावर पोचल्यावर थोडा वेळ थांबतात आणि तुंब्याला हात लावून तो निवला की मगच ट्रेलर पाण्यात घालतात. काही तुंब्यांवर स्प्रिंगच्या दाबाखाली ग्रीस भरणारी टोपी बसवलेली असते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवणे एवढेच तिचे काम.

दुसरा फटका द्रवाला. ग्लायकॉलचा द्रव हवेतली आर्द्रता शोषतो. रबराच्या नळीतूनही ती हळूहळू आत जाते. 'डॉट ३' प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की १४० अंश असला तरी नियमाला चालतो. 'डॉट ४' साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. तापलेल्या ब्रेकमध्ये असा ओला द्रव उकळला तर नळीत वाफ होते आणि आपल्या पिचकारीतल्या बुडबुड्याचा प्रयोग भर रस्त्यात घडतो. पाणी न शोषणारा सिलिकोनचा द्रवही मिळतो, पण त्यात शिरलेले पाणी न मिसळता सर्वांत खालच्या जागी, म्हणजे नेमके चाकाच्या सिलिंडरमध्ये, साचून तेथे गंज धरते.

तिसरा फटका मिठाचा, आणि तो सर्वांत चिवट. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून लोखंडाच्या पृष्ठभागावरचे असंख्य सूक्ष्म विद्युतघट जोमाने चालतात. पाणी वाळले तरी मीठ उरते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते ते सर्वांनी पाहिलेले आहे. ड्रमच्या आत उरलेले मीठही दमट हवेतून असेच पाणी ओढत राहते. आणि ड्रम म्हणजे तर झाकण लावलेला डबाच. आत ऊन नाही, वारा नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो शू आणि लायनिंग यांच्यामध्ये धरला की पाचर मारल्यासारखे लायनिंग उचकटून काढतो.

गंजाशी लढण्याची विद्युत्‌-रासायनिक युक्ती नावांसाठीच शोधली गेली होती. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा समुद्रात झिजत असे. १८२४ मध्ये हंफ्री डेव्हीने त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडून पाहिले. तुकडे झिजले, तांबे वाचले. रसायनशास्त्र अचूक ठरले. पण झिजणारे तांबे जलचरांना विषारी होते. ते झिजायचे थांबताच जहाजांच्या तळावर शिंपल्या आणि शेवाळ माजले आणि जहाजे मंदावली. नौदलाने हा उपाय सोडून दिला. तत्त्व मात्र राहिले. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेलने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याचे पेटंट घेतले आणि आजच्या ट्रेलरचे सांगाडे त्याच पद्धतीने जस्ताळलेले असतात.

सांगाडा असा वाचतो, पण ब्रेक वाचत नाही, आणि अडचणीचे मूळ येथेच आहे. ब्रेकचे काम घासण्याचे. घासणाऱ्या पृष्ठभागावर रंग टिकत नाही, जस्त टिकत नाही, आणि ग्रीस तर लावताच येत नाही. दोन-तीन बोटांवरच्या बेअरिंगला ग्रीस नसेल तर ते जळते. ड्रमला ग्रीस लागले तर ब्रेक जातो. या दोघांमध्ये एक लहानसे सील असते. गंजापासून वाचवणारे बहुतेक सगळे उपाय ब्रेकला वर्ज्य आहेत. म्हणून तेथे शोधापेक्षा निगा मोठी ठरते.

ती निगा पुढीलप्रमाणे. समुद्रातून आल्यावर त्याच दिवशी ब्रेकमध्ये गोडे पाणी सोडून मीठ धुऊन काढायचे. यासाठी ड्रमच्या मागच्या पाट्याला पाण्याची नळी जोडण्याची सोय असलेले संच मिळतात. मग थोडे अंतर ट्रेलर चालवून ब्रेक दोन-चार वेळा लावायचे, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने आतला ओलावा जातो. वर्षातून एकदा ट्रेलर जॅकवर उचलून प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहायचे; ते कोठे अडते का, खरखरते का. ड्रम काढायचा; रबरी वाटीचे टोपण उचलून आत ओल आहे का ते पाहायचे. ओल म्हणजे गळती. परत ओढणाऱ्या स्प्रिंग गंजून बारीक झाल्या असतील तर त्या बदलायच्या, कारण स्प्रिंग तुटली की शू ड्रमला चिकटूनच राहतो. लोखंडी नळ्यांवरून बोट फिरवायचे. पुढची सरकती जोडणी हाताने आत-बाहेर हलते का ते पाहायचे. ती गंजून आवळली असेल तर चाकांचे ब्रेक नवे असूनही उपयोग नाही. सुटल्यावर ब्रेक लावणारी तार ओढून पाहायची. शेवटी जुना द्रव काढून नवा भरायचा आणि एअर काढायची. जुन्या ट्रेलरच्या लायनिंगमध्ये आस्बेस्टॉस असू शकते; ती धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टरचे पेटंट १९०२ चे. पण तिला प्रतिष्ठा मिळाली ती १९५३ मध्ये, डिस्क लावलेल्या जॅग्वार मोटारींनी ल मानची शर्यत जिंकली तेव्हा. शर्यतीत तिचा गुण होता लवकर थंड होण्याचा. नावेच्या ट्रेलरवर तिचा निराळाच गुण कामी आला. डिस्क उघडी असते. तिच्यातून पाणी निथळते, ती बादलीभर पाण्याने धुता येते आणि आत काय चालले आहे ते ड्रम न उघडता दिसते. आता चांगल्या ट्रेलरवर स्टेनलेस पोलादाच्या डिस्क येतात, आणि चालकाने पाय दाबताच ट्रेलरवरचा विजेचा पंप द्रवाला दाब देतो अशीही रचना मिळते. पंप मात्र दांडीवर, पाण्यापासून दूर बसवतात. आणि स्टेनलेस डिस्कसुद्धा प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवा, असेच तिच्याबरोबरच्या पत्रकात लिहिलेले असते.

ड्रम आणि डिस्क यांतला फरक मुलांना दाखवायचा असेल तर चार लोखंडी खिळे घ्या. चारही घासून स्वच्छ करा आणि मिठाच्या दाट पाण्यात पाच मिनिटे बुडवा. पहिला गोड्या पाण्याने धुऊन पुसा. दुसरा तसाच खिडकीत, वाऱ्यावर ठेवा. तिसऱ्याभोवती जुन्या बॅटरी-सेलच्या जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळा. चौथा ओल्या कापसाच्या बोळ्यासोबत औषधाच्या रिकाम्या डबीत घालून झाकण लावा. डब्यांवर तारीख टाका, रोज नोंद ठेवायला सांगा आणि आठ दिवसांनी चौथ्या डबीचे झाकण उघडा.